कमान नको, मग काय?

गोदाकाठ९८

नमस्कार मंडळी. मी मूळचा पंचवटीतला, १९९८ ची बी.एस्सी. केमिस्ट्री. कॉलेज गंगापूर रोड-कॉलेज रोडच्या पट्ट्यातलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. गेली एकोणीस वर्षं कॅनडात, टोरोंटोजवळ मिसिसागाला.

आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप लॉकडाउनमध्ये सुरू झाला. एकाच्या आईने जुनी टेलिफोन वही जपून ठेवली होती. त्यातल्या लँडलाइनवरून जे सापडले ते सापडले, बाकीच्यांच्या गल्लीतल्या किराणा दुकानात जाऊन "ते जोशी इथेच राहायचे ना" अशी चौकशी करत आम्ही अठ्ठावन्न जण गोळा झालो. दोन वर्षं गुलाबाची फुलं, राजकारणावरून भांडणं, दोघं रागावून बाहेर. मागच्या डिसेंबरात चौदा जण प्रत्यक्ष भेटलो, मखमलाबादकडच्या एका मळ्यात, मिसळ आणि पापड. दुसऱ्यांदा रस्सा मागवल्यावर कुणीतरी म्हणालं, आपण कॉलेजसाठी काहीतरी केलं पाहिजे. महिन्याभरात एकतीस जणांनी आकडे टाकले. बेरीज चार लाख दहा हजार.

कॉलेजात विचारलं तर चहा आला, आणि प्रवेशद्वाराच्या कमानीचा नकाशा आला. ग्रॅनाइटच्या पाटीवर आमची नावं. ती मराठीत असावीत की इंग्रजीत यावर ग्रुपवर दोन दिवस गेले.

मला कमान नको आहे. त्याचं एक कारण जुनं. २०१७ मध्ये आम्ही तिघांनी दहा कॉम्प्युटर दिले होते. डिसेंबरात गेलो तेव्हा ते स्टोअररूममध्ये थर्माकोलसकट खोक्यात होते, वर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. कोणी चोरले नाहीत, विकले नाहीत. नुसते उघडलेच नाहीत. याचा राग कुणावर काढायचा तेही कळेना.

दुसरं कारण त्याच दिवशी लॅबमध्ये घडलं. तीच लाकडी टेबलं, तेच गॅसचे नळ. कोपऱ्यात एक मुलगा टायट्रेशन करत होता. स्टँडचा क्लॅम्प तुटलेला, म्हणून ब्युरेटची काचेची नळी सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेली. मी शेजारी उभा राहिलो तर म्हणाला, "सर, तुम्ही इन्स्पेक्शनला आलात का?" पेठ तालुक्यातला. पहाटेच्या एसटीने निघालेला. खाल्लं का विचारलं तर "एकदम दुपारी". खिशात पाचशेची नोट होती. काढली नाही. त्याला भीक वाटेल असं वाटलं, आणि मला काय वाटेल याचीही भीती होती, खरं सांगायचं तर.

तर प्रश्न असे. पैसे द्यायचे कुणाला? इतक्या लांबून ते नीट खर्च होतात की नाही हे कसं बघायचं? आणि आमच्या एकतीसपैकी चौदा जणांचे पासपोर्ट आता परदेशी आहेत (माझाही), त्याने काही अडतं का?

दुतोंड्या

कमान करूनच टाका की भो, कबुतरांची सोय होईल.

थट्टा सोडा. एचपीटी कॉलेज १९२४ चं. शंभर वर्षं सगळं नाशिक एचपीटी, एचपीटी करतंय. त्यातलं एच म्हणजे हंसराज, पी म्हणजे प्रागजी आणि टी म्हणजे ठाकरसी हे कॉलेज रोडवर चहा पीत उभ्या असलेल्या दहा पोरांना विचारून बघा. अख्ख्या कॉलेजला नाव देऊन ही गत, तर तुमच्या ग्रॅनाइटवरची एकतीस नावं कोण वाचणार? तीही बहुधा इंग्रजीत.

सीए_पंचवटी

पासपोर्टाचं अडतं. नीट समजून घ्या, कारण यात चांगली माणसं फसतात.

परकीय योगदान (विनियमन) कायदा २०१०, म्हणजे एफसीआरए, पैसा कुठून आला यापेक्षा देणारा कोण हे बघतो. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईत असो की डॅलसमध्ये, त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरत नाहीत. संस्थेने त्याच्या पासपोर्टाची प्रत फाइलला लावावी म्हणजे पुढे प्रश्न येत नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलं की ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतं ते) असलं तरी देणगी परकीयच. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते. ती पाच वर्षांची असते, आणि चालू आहे का हे विचारायचं. २०२० च्या दुरुस्तीपासून असा पैसा आधी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. शिवाय एका संस्थेने घेतलेला परकीय पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे 'अमुक ट्रस्टकडे पाठवू, ते कॉलेजला देतील' हाही रस्ता बंद.

इथे प्राप्तिकर भरणाऱ्यांसाठी: देणगीवरची ८०जीची वजावट जुन्या करपद्धतीत असाल तरच, आणि रोखीने दोन हजारांच्या वर दिलेलं धरत नाहीत. अमेरिकेतल्या तुमच्या मित्रांना तिकडची सवलत हवी असेल तर तिथल्या ५०१(सी)(३), म्हणजे करमाफ धर्मादाय, नोंदणीच्या संस्थेमार्फतच द्यावं लागेल.

गोदाकाठ९८

मग आम्ही चौदा जणांनी भावाच्या खात्यावर टाकले आणि त्याने दिले तर?

सीए_पंचवटी

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. भावाला घरखर्चाला पाठवा, आजारपणाला पाठवा, नातेवाइकांसाठी वेगळी सूट आहे. पण चौदा जणांचा पैसा एका भावाच्या खात्यातून संस्थेकडे वळवायचा म्हणजे कायद्याला वळसा घालणं, आणि त्यात अडकणार भाऊ. तुम्ही मिसिसागात असाल, नोटीस पंचवटीत येईल.

सतरा जणांना पैसे देऊ द्या. चौदा जणांनी दुसरं काही द्या.

खिडकी_नंबर_४

मी एका कॉलेजच्या कार्यालयात १९९४ ते २०२१ नोकरी केली, त्यातली बावीस वर्षं स्कॉलरशिपच्या खिडकीवर. तुमच्या कॉलेजात नाही, पण ओळीतल्याच एका. तेव्हा लिहिण्याचा अधिकार आहे असं समजते.

आधी तुमचे कॉम्प्युटर. ते का उघडले नाहीत ते मी सांगते, न बघता. तुम्ही दिलेत तेव्हा देणगीपत्र दिलं का? प्रत्येक नगाची किंमत लिहून? नसणारच. मग ते जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या यादीत, चढले नाहीत. नोंद नाही तर वस्तू कुणाच्या ताब्यात? कुणाच्याच नाही. ज्याने खोकं उघडायचं त्याने सही करायची, आणि एकदा सही केली की उद्या माउस हरवला तरी ऑडिटमध्ये उत्तर त्यानेच द्यायचं. नोकरीची आठ वर्षं राहिलेला माणूस ते खोकं कशाला उघडेल? तुम्हाला वाटतं आळस. अर्धा असेलही. बाकी अर्धी भीती असते. पत्र द्या, किंमत लिहा, विभागप्रमुखाचं नाव घाला, महिन्यात टेबलावर दिसतील. चालतील की नाही ते मात्र आता देवाला माहीत, आठ-नऊ वर्षं खोक्यात म्हणजे फार झालं.

आता पैसे. माझ्या खिडकीवर मुलं कशासाठी रडली ते सांगते, म्हणजे चार लाखांचं काय करायचं ते तुमचं तुम्हाला कळेल. वर्षाची फी भरायला सहसा कोणी रडत नाही, तिची तजवीज घरचे कोंबडी-बकरी विकून करतात, किंवा स्कॉलरशिपमध्ये माफ असते. रडतात ते परीक्षा फॉर्मला. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्च. रक्कम हजाराच्या आगेमागे. स्कॉलरशिप मंजूर आहे, पण महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी स्कॉलरशिप पोर्टलचा, हप्ता आलेला नाही, किंवा आलाय आणि आधार भलत्याच खात्याला जोडलंय म्हणून परत गेलाय. एका मुलीचे पैसे तिच्या आईच्या नावाने कधीतरी उघडलेल्या खात्यात जात होते. ते शोधायला आम्हाला चार महिने लागले. तोपर्यंत फॉर्मची तारीख गेली, लेट फी लागली, मग सुपर लेट फी. एक हजारासाठी वर्ष जातं हो. मुलींचं तर आणखी एक. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट मिळतो, एफवायला आली की पैसे. तिकीट अर्धं झालं २०२३ पासून, ते चांगलंच, पण अर्धं तिकीट रोज दोनदा काढायचं म्हणजे महिन्याला किती होतात ते तिच्या बापाला विचारा.

आमच्याकडे १९८७ च्या एका बॅचने साठ हजार रुपयांचा फिरता निधी ठेवला होता. कॉलेजच्या खात्यात, वेगळ्या नावाने, दोन सह्यांनी निघणारा. एक सही प्राध्यापकाची, एक त्या बॅचमधल्या नाशकातच राहणाऱ्या बाईंची. त्या दर शनिवारी अकरा वाजता यायच्या, डबा घेऊन. मुलाने यायचं, फॉर्म दाखवायचा, फी भरायची. स्कॉलरशिप आली की परत करायची. व्याज नाही, तगादा नाही, नोटीस बोर्डावर नाव तर मुळीच नाही. बहुतेक जण परत करायचे. नाही केले त्यांची नावं वहीत तशीच राहिली, कुणी खोडली नाहीत. एक मुलगा नोकरी लागल्यावर सहा वर्षांनी येऊन नऊशे रुपये देऊन गेला, वर पेढे.

मी फसलेही आहे. एकाने तीनदा परीक्षा फी म्हणून नेले, नंतर कळलं त्याने कॉलेज केव्हाच सोडलं होतं. तेव्हापासून पैसे मुलाच्या हातात न देता थेट फी काउंटरला. हे लिहून ठेवा.

साहेबांना कमानच का हवी तेही सांगते. नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था. तिच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा मुद्दा आहे, ५.४. कमानीचा फोटो अहवालात छान येतो. पण त्या मुद्द्यात आधी विचारतात, माजी विद्यार्थी संघटना नोंदणीकृत आहे का? म्हणजे तुम्ही रीतसर संघटना काढलीत तर त्यांचंही काम होतं. हे बोलून दाखवा, मग बघा चहाबरोबर बिस्किटं येतात की नाही. नोंदणीला किमान सात सभासद, मग धर्मादाय आयुक्तांकडे. सातही जण इथलेच घ्या. पदाधिकारी बदलला की बदल अर्ज करावा लागतो नव्वद दिवसांत, त्याच्या सह्या टोरोंटोहून मागवत बसाल तर संघटना कागदावरच म्हातारी होईल.

मुक्कामी_गाडी

दादा, तुम्ही लॅबमध्ये पाहिलेला मुलगा मी नव्हे, मी २०२२ ला पास झालो. पण ब्युरेटची पट्टी ओळखीची आहे 😀

मीही पेठचाच. आमच्या गावाला रात्री मुक्कामी गाडी यायची आणि पहाटे परत निघायची. ती आली तर कॉलेज, नाही आली तर नाही. पावसाळ्यात सावळघाटात दरड आली की दोन-दोन दिवस नाही. प्रॅक्टिकल बुडालं की जर्नल सर्टिफाय होत नाही, आणि मॅडमना वाटतं पोरगा उंडारतोय. मासिक पासाला विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सूट आहे, पण महिन्याचे एकदम भरायचे. एकदम हाच आमच्याकडे अवघड शब्द आहे.

ऑक्टोबरचं ताईंनी बरोबर लिहिलं, त्याला आणखी एक बाजू आहे. तेव्हाच द्राक्षाची गोडी छाटणी. आमचं अर्धं गाव निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये उतरतं. मीही जायचो, सकाळी बाग, रात्री अभ्यास. एसवायला असताना छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांना पेस्ट लावायच्या कामाला होतो. डबा उचलून लेबल वाचलं तर हायड्रोजन सायनामाइड. आम्ही नुकतंच नायट्रोजनची संयुगं शिकत होतो. मी मुकादमाकडे हातमोजे मागितले. तो हसला, म्हणाला, "सायंटिस्ट आला रे." दुसऱ्या दिवशी मात्र आणले त्याने, बायांनाही दिले. मला बी.एस्सी.चा पहिला उपयोग तिथं झाला.

पैशाची मदत मला दोनदा झाली, ती विसरलो नाही. पण मी आज सातपूरच्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीला, आहे ते एका माणसामुळे. आमच्याच कॉलेजचे, सिंगापूरला असतात. एका सरांनी नंबर दिला होता. त्यांनी सहा रविवार व्हिडिओ कॉलवर माझा इंटरव्ह्यू घेतला. पहिल्या दिवशी मी "मायसेल्फ अमुक अमुक" सुरू केलं तर म्हणाले, थांब, आधी मराठीत सांग, एचपीएलसी मशीन चालवताना बेसलाइन हलली तर तू काय करशील? मराठीत मला सगळं येत होतं. मग तेच इंग्रजीत आणायला पाच रविवार. कंपनीतली ओळखही त्यांनीच काढून दिली, त्यांचा वर्गमित्र तिथं प्रॉडक्शनला होता.

आता नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. मुलं कागद घेऊन सातपूर-अंबडच्या गेटवर फिरतात आणि वॉचमन परत पाठवतो. तुमच्या बॅचमधले किती जण त्या गेटच्या आत बसलेत ते मोजा ना दादा. त्याला एफसीआरए लागत नाही.

सीए_पंचवटी

नाही लागत. मी मघाशी 'दुसरं काही' म्हणालो ते हेच, पण मला इतकं नीट सांगता आलं नसतं.

गोदाकाठ९८

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

कमान गेली. ग्रुपवर दोघं नाराज आहेत, एकाने पाटीचा मजकूरसुद्धा तयार करून ठेवला होता. सतरा भारतीय पासपोर्टवाल्यांचे मिळून दोन लाख तीस हजार होतात, त्यांचा फिरता निधी. कॉलेजला संघटनेचं आणि ५.४ चं बोललो. ताई, बिस्किटं आली.

मोजणीही केली. अठ्ठावन्नपैकी नऊ जण सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कंपन्यांत आहेत, त्यातले तिघं सही करण्याच्या जागेवर. इतकी वर्षं त्यांना रोज गुलाबाची फुलं पाठवत होतो, पण काय काम करता हे विचारलं नव्हतं. एकाने दोन मुलांना ट्रेनिंगला घ्यायचं कबूल केलंय. त्याची अट एकच, मुलं वेळेवर यावीत. मी त्याला मुक्कामी गाडीचं सांगितलं. तो म्हणाला, मग दुसऱ्या शिफ्टला ये म्हणावं.

आम्ही परदेशी चौदांपैकी सहा जण रविवारी फोनवर बसणार. भारतातले रात्रीचे साडेआठ म्हणजे माझे सकाळचे अकरा, आणि नोव्हेंबरात इथलं घड्याळ मागे गेलं की दहा. पहिल्या रविवारी तीन मुलं येणार होती, एकच आली. सुरगाण्याची मुलगी, रेंजसाठी शाळेच्या ओट्यावर बसली होती, मागे कुत्री भुंकत होती. तिने मला विचारलं, "सर, तुम्हाला नापास व्हायची भीती वाटायची का?" तासभर बोललो. केमिस्ट्री दहा मिनिटं झाली असेल.

कॉम्प्युटरांचं देणगीपत्र जुनी तारीख न घालता, आजच्या तारखेने दिलं. दहापैकी चार सुरू झाले. बाकीचे सहा निर्लेखनात, म्हणजे बाद मालात, काढायचे म्हणतात, त्यालाही समिती लागते म्हणे.

संघटनेला सात हवेत, अजून पाचच मिळालेत. नाशकातली आणि शनिवारी मोकळी माणसं हवीत. आमच्या ग्रुपवर 'नक्की, नक्की' म्हणणारे पुष्कळ, शनिवार म्हटलं की गप्प. शेवटी माझी धाकटी बहीण तयार झाली, तीही त्याच कॉलेजची, २००३ ची. म्हणजे सहा. खिडकीताई, ती बुधवारी तुम्हाला भेटायला आली तर चालेल का? निधीची वही कशी ठेवायची ते तिला दाखवाल? तिचा नंबर निरोपातून पाठवतो.

खिडकी_नंबर_४

पाठवा. चारनंतर यायला सांगा, दुपारी मी झोपते. आणि येताना वही तिनेच आणावी, दोनशे पानी, रेघांची, पुठ्ठा जाड. कॉम्प्युटरवर करू म्हणाली तर तेही करू, पण आधी वही.